पालवर्ल्ड: चारा आहे तरी जनावरं उपाशी का? (जाणकारांनी मदत करा)

कडकभाकरी (धागाकर्ता, जुळे सोलापूर)

गेले तीन महिने रोज रात्री साडेनऊनंतर मी एका बेटावर मेंढ्या राखतोय आणि त्या काही माझ्याच्यानं नीट राखणं होईना, म्हणून हा धागा. पाककृती आणि गझलांच्या मधे गेमचं रडगाणं आणलं म्हणून संपादकांनी राग मानू नये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पालवर्ल्ड हा जपानच्या पॉकेटपेअर या छोट्या कंपनीचा गेम. १९ जानेवारी २०२४ ला अर्धवट अवस्थेतच बाजारात आला. याला अर्ली ॲक्सेस म्हणतात, म्हणजे गिलावा व्हायच्या आधीच वास्तुशांत उरकायची. तरी महिन्याभरात अडीच कोटी लोक खेळून गेले. नेसत्या कपड्यानिशी तुम्ही बेटावर येऊन पडता. लाकूड तोडा, दगड फोडा, बेरी गोळा करा, डोक्यावर छप्पर करा. इथवर असे गेम छप्पन्न आहेत. याची गंमत पुढं आहे. बेटावर 'पाल' नावाचे शंभरावर जातींचे प्राणी हिंडतात. गोळा फेकून ते धरायचे, बेसवर (म्हणजे आपल्या तळावर) आणायचे आणि कामाला लावायचे. कोणी पेरतं, कोणी पाणी घालतं, कोणी भट्टी पेटवतं, कोणी माल वाहतं. लॅम्बॉल नावाची मेंढी कुरणात सोडली की लोळता लोळता लोकर टाकत जाते, कातरायची भानगडच नाही. परवा आई फोनवर मावशीला सांगत होती, "काय सांगू, रात्रभर पाली पाळतंय." तेव्हापासून घरात या विषयाला 'पालीचं' असंच नाव पडलंय.

आता अडचण. माझ्या बेसवर बारा पाल आहेत. चार वाफे बेरीचे, एक गव्हाचा, पिठाची चक्की, कुरण, बाजूला दगडाची खाण. हे सगळं खाली सपाटीवर. जागा पुरेना म्हणून चाऱ्याची पेटी आणि पलंग मी मागच्या टेकाडावर नेले. तिथं हौसेनं लाकडी माडी बांधली, जिना केला, कठडा केला, कंदील लावले. काल पेटीत मोजून तीनशे दहा बेरी होत्या. आणि तरी खाली लॅम्बॉल उपाशी! सॅन शंभरावरून वीसवर आलाय. (सॅन म्हणजे जनावराचं मन किती थाऱ्यावर आहे त्याचा आकडा. कामानं, उपासानं, जागरणानं उतरतो.) कॅटिव्हा नावाचं मांजर आहे, त्याला अल्सर झालाय. खोटं नाही, मांजराला अल्सर. औषध करून घातलं तर दोन दिवसांत पुन्हा तेच. चक्की बंद. गहू पडून आहे पण पीठ नाही, पीठ नाही म्हणून केक नाही, आणि केकशिवाय नर-मादीची जोडी अंडं देत नाही.

लॅपटॉप सोळा जीबी रॅमचा आहे, म्हणजे गेमच्या किमान अटीत जेमतेम बसणारा. पंखा असा ओरडतो की शेजाऱ्यांना वाटावं मी घरात यंत्रमाग टाकलाय. तर हा दोष मशीनचा की माझा? दिवसभर टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. तिथला स्टॉक जुळतो, हा जुळत नाही.

एक सांगायचं राहिलं. आमचे अण्णा (वडील, वय ६८, मूळ सांगोल्याकडचे, २०२० पासून आमच्याकडं असतात) रोज मागं कॉटवर बसून हे सगळं बघतात. बोलत काही नाहीत. परवा फक्त "हं" म्हणाले. त्या एका "हं"नं माझी झोप उडालीय.

पूर्वभागी (अशोक चौक)

जिना. दुसरं काही नाही ओ, जिना.

अरुंद जिना आणि वर कठडा असला की मोठ्या जनावराला वाट सापडत नाही. एक अडकलं की मागची रांग तिथंच उभी. माडी तुमच्या हौसेची आहे, त्यांच्या सोयीची नाही. पेटी खाली आणा. एक नको, दोन करा, एक वाफ्यांपाशी आणि एक खाणीपाशी. पलंग उघड्यावर टाकले तरी झोपतात बिचारे. अडकलेलं जनावर दिसलं तर उचला आणि ज्या कामाला लावायचंय त्यावर सरळ फेका, ते त्याच कामाला चिकटतं.

सोळा जीबीत चालतं, मी तेवढ्यावरच चालवतोय. ब्राउझरच्या चाळीस टॅब उघड्या ठेवून गेमला शिव्या देऊ नये एवढंच.

शेंगाकूट

दादा, गरम पाण्याचं कुंड बांधलंत का? कामातून सुटले की पाल त्यात जाऊन बसतात आणि सॅन वर चढतो. एवढ्या बारा जणांना एक कुंड पुरणार नाही, दोन लागतील.

आणि रात्रपाळीसाठी काळ्या जातीचे पाल ठेवा, ते रात्री झोपत नाहीत. डिप्रेसो म्हणून एक आहे, डोळ्यांखाली वर्तुळं, तोंड कायम उतरलेलं. सेमिस्टरच्या आदल्या रात्रीची मीच. पण कामाला वाघ आहे.

सगळ्यात सोपा उपाय सांगू का? जगाच्या सेटिंगमध्ये जाऊन पालांची भूकच कमी करून टाका. मी निम्म्यावर आणलीय. कोण बघतंय?

जुना_डायनो (होटगी रोड)

तुमचं हे पालवर्ल्ड म्हणजे बालवाडी आहे. जनावर पाळायचं तर आर्क खेळा. २०१५ पासून खेळतोय, तेव्हा तोही अर्धवटच होता.

तिथं डायनोसॉर गोळा फेकून मिळत नाही. गुंगीचे बाण मारून आडवा करायचा, जागा होऊ नये म्हणून गुंगीच्या बेरी चारत राहायच्या, आणि त्याच्या आवडीचं खाणं त्याच्या अंगावर ठेवून ताटकळत बसायचं. मधे कोणी त्याला जखम केली की माणसाळण्याचा दर्जा घसरला. पिल्लू झालं तर अजून पंचाईत. अगदी लहान असताना ते गव्हाणीतलं खात नाही, तुम्ही स्वतः जाऊन भरवायचं. ठरल्या वेळी कुरवाळायला मागतं, फिरायला न्या म्हणतं. वेळ चुकली की लळा कमी. मोठ्या जातींना असं दिवसच्या दिवस. एकदा बहिणीच्या हळदीत मोबाईलवर गजर लावून उठून गेलोय मी. मामानं विचारलं कुठं चाललास, म्हटलं पोरगं रडतंय. लग्न झालेलं नव्हतं माझं तेव्हा.

आणि शेणखत! आर्कमध्ये जनावराचं शेण गोळा करून वाळल्या गवताबरोबर खताच्या पेटीत टाकलं की खत होतं, ते वाफ्याला घातल्याशिवाय पीक नाही. शेणाचा किडा पाळला तर तो खत तर देतोच, वर तेल पण. पालवर्ल्डमध्ये शेण कुठंय? शेणाशिवाय गोठा असतो का?

पूर्वभागी

डायनोशेठ, आर्कला डिस्कवर शंभर जीबीच्या वर जागा द्यावी लागते, तेवढ्यात माझ्या बहिणीच्या लग्नाचे सगळे व्हिडिओ मावतात. पण शेणाचा मुद्दा बिनतोड. +१

कडकभाकरी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. पेटी खाली आणली, दुसरी खाणीपाशी टाकली, जिना मोडला. जिना मोडताना जीव तुटला, पण मोडला. दोन दिवसांत लॅम्बॉल पोटभर खायला लागल्या आणि सॅन पन्नाशीच्या वर आला. अल्सर पण बरा झाला.

पण चक्की बंद ती बंदच. आणि बेरीचे दोन वाफे नुसते पेरलेले, कोरडे पडलेले.

शनिवारी रात्री असाच डोकं धरून बसलो होतो तर मागून आवाज आला, "थांब जरा. हितं पाणी कोण घालतंय?"

मी दाखवलं. पेंगलेट, निळा पेंग्विन.

"एकलाच?"

एकलाच. अण्णा कॉटवरून उठले, चष्मा शोधला, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. कपाटावरचा दुधाच्या हिशेबाचा कागद घेतला, पाठीमागची कोरी बाजू वर केली, पेन्सिलीनं बेसचा नकाशा काढला. टेकाड, वाफे, चक्की, पेट्या. मग म्हणाले, "त्या पाखराच्या मागंच ऱ्हा. दुसरं काय करू नगंस."

गेममधला एक अख्खा दिवस आम्ही बापलेक त्या पेंग्विनच्या मागं मागं हिंडलो. पहिल्या वाफ्याला पाणी घातलं त्यानं. दुसऱ्याकडं वळलं आणि मधेच थबकलं, कारण वाटेत दगड पडला होता. दगड उचलला, डुलत डुलत खाणीपाशी नेऊन टाकला. परत येताना शीतपेटी लागली, तिथं थंडावा द्यायला उभं राहिलं. तिथून सुटलं तर कामाच्या टेबलावर कोणी नव्हतं म्हणून तिकडं. तिथून पुन्हा पहिल्याच वाफ्यावर, कारण तोवर तो वाफा पुन्हा पेरला होता. अण्णा दर फेरीला कागदावर एक उभी रेघ ओढत होते. संध्याकाळ झाली, पेंग्विन झोपायला गेलं. पाण्याच्या रेघा तीन. बाकीच्या अकरा.

"चक्कीला काय लागतं? वीज?"

तिथं मी चाट पडलो. चक्की पाण्यावर चालते! तिथंही पाणी घालणारंच जनावर लागतं. मी तीन महिने समजत होतो की धान्याची कामं करणारं कोणीतरी येऊन दळेल.

"एक पाणक्या, पाच वाफं आन वर जातं," अण्णा म्हणाले. "आन वज्झं बी त्यानंच वाहायचं. आरं, माणूस असता तर कवाच गाव सोडून गेला असता."

लाज वाटली खरं सांगायचं तर. आमच्या घरी नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. आलं की पिंप, बादल्या, कळशा, कोण मोटर लावणार आणि कोण गच्चीवर जाणार हे सगळं माझ्याकडं पाठ आहे. आणि बेटावर समुद्र असताना मी एका पेंग्विनवर अख्खा संसार टाकला होता.

दुसऱ्या दिवशी दोन टीफँट धरून आणले (सोंडेतून कारंजं उडवणारा छोटा हत्ती) आणि लई खटपटीनं एक सर्फेंट. तो पाण्याच्या कामात पेंगलेटच्या दुप्पट दर्जाचा. शिवाय देखरेखीचं टेबल बांधलं. त्यावरून कोणी कोणतं काम करायचं आणि कोणतं नाही हे एकेका पालाला ठरवून देता येतं हे मला माहीतच नव्हतं. पेंगलेटची वाहतूक बंद, हातकाम बंद. आता फक्त पाणी आणि थंडावा. चक्की सुरू झाली तेव्हा अण्णांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

शेंगाकूट

तीन रेघा आणि अकरा रेघा. दंडवत अण्णांना. मी शंभर तास खेळलेय आणि एकदाही कोणाच्या मागं दिवसभर फिरले नाही.

खूर_आणि_शिंग (पशुवैद्यक, मोहोळ परिसर)

गेम खेळत नाही, पण धागा वाचून राहवलं नाही.

तुमच्या सॅनच्या आकड्याचा हेवा वाटला. खऱ्या जनावराच्या डोक्यावर असा आकडा तरंगत असता तर आमची निम्मी धावपळ वाचली असती. गाय सांगत नाही. आपण बघायचं. निवांत बसलेली गाय रवंथ करत असते, दिवसाचे सातेक तास तरी. शेतकऱ्याचा फोन आला की माझा पहिला प्रश्न, "रवंथ करतीय का?" मग नाकपुडी ओली आहे का कोरडी, कान गार पडलेत का, शेण कसं पडतंय. ताप नंतर बघतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. चाऱ्याचा हिशेब सगळे ठेवतात, पाण्याचा कोणी ठेवत नाही. दुभत्या गाईला आपल्याकडच्या उन्हाळ्यात दिवसाला साठ-सत्तर लिटर सहज लागतं. पाणी लांब असेल, टाकी तापलेली असेल, शेजारची दांडगी म्हैस शिंग दाखवत असेल, तर ती कमी पिते. आणि कमी प्यायली की आधी दूध तुटतं. मालक म्हणतो, पेंड बदलली म्हणून दूध कमी झालं. आमच्या भागात पंढरपुरी म्हैस शेजारी असली तर बघायलाच नको. तिची शिंगं तलवारीसारखी पार खांद्यापर्यंत मागं जातात. तिनं नुसती मान वळवली तरी गोठा रिकामा होतो. तेव्हा पेटी खाली आणली हे उत्तम, दोन केल्या हे त्याहून उत्तम. एकाच दावणीवर दुबळं जनावर मागं राहतं. तुमच्या गेमवाल्यांनी हे कुठून उचललं कोण जाणे, पण बरोबर उचललंय.

अवांतर: जनावरांना ताणानंही अल्सर होऊ शकतो हे खरं आहे.

दोन_पोरांची_आई (विजापूर रोड)

सगळे कौतुक करताहेत म्हणून थोडं मिठाचा खडा टाकते. माझा भाचा सुट्टीत हाच गेम खेळत होता. त्यानं हातात सुरा घेतला आणि त्या गोंडस मेंढीला कापलं. पडद्यावर चौकोनी धूसर ठिपके आले, पण माझ्या सहा वर्षांच्या मुलीला कळायचं ते कळलं. ही प्राण्यांची काळजी का? कामाचा वेग वाढवायची सोय आहे, मन ढासळेपर्यंत राबवता येतं. आणि पालांना जन्मजात गुण असतात ना, त्यातल्या एकाचं इंग्रजी नाव 'वर्क स्लेव्ह' आहे. कामाचा वेग तीस टक्के जास्त, हल्ल्याची ताकद तीस टक्के कमी. याला काळजी नाही, वेठबिगारी म्हणतात.

माझी दोघं माइनक्राफ्ट खेळतात. तिथं वाळलेला घास्ट (घास्ट म्हणजे त्या गेममधला एक उडणारा प्राणी) म्हणून एक प्रकार आलाय. पाण्यात ठेवला की हळूहळू जिवंत होतो, मग पिल्लू, त्याला बर्फाचे गोळे भरवायचे, मोठा झाला की पाठीवर चौघं बसून उडायचं. संपलं. कोणाला राबवायचं नाही.

शेंगाकूट

ताई, सुरा वापरायलाच हवा असं नाही. मी आजवर एकदाही वापरला नाही. आणि माइनक्राफ्टमध्ये गाईला गहू चारून वासरू होतं, वीस मिनिटांत मोठं होतं आणि मग तुमची दोघं त्या गाईचं काय करतात ते एकदा विचारा. 😄

दोन_पोरांची_आई

विचारलं. चामड्याचे बूट केलेत. 🙏

दूरदेशी_सोलापूरकर

धाग्यावर कोणीच खटल्याचा विषय काढला नाही? सप्टेंबर २०२४ मध्ये निन्टेंडो आणि पोकेमॉन कंपनीनं मिळून टोकियोच्या न्यायालयात पॉकेटपेअरवर पेटंटचा दावा लावला. चित्रांच्या नकलेचा नाही, पेटंटचा, हे लोक विसरतात. त्यानंतर गोळा फेकून पाल बाहेर काढायची पद्धत बदलावी लागली. पालाला धरून हवेत तरंगता यायचं, तेही गेलं. तुमची मेंढी कोर्टात आहे मंडळी.

पूर्वभागी

साहेब, मेंढी कोर्टात असू द्या, चारा बेसवरच लागतो. खटल्याचा वेगळा धागा काढा, भांडायला येतो.

कडकभाकरी (धागाकर्ता)

ताईंचा मुद्दा मी टाळणार होतो, पण टाळता आला नाही, कारण अण्णांनीच विचारलं.

सुऱ्याबद्दल नाही. सुरा मी दाखवला होता, त्यावर ते काही बोलले नाहीत. मटण खाणारा माणूस, मेंढरं वाढवलेला माणूस. त्यांना खटकलं ते दुसरंच. गेममध्ये एक यंत्र आहे. एकाच जातीचे ढीगभर पाल त्यात घालायचे, ते जातात आणि त्यांच्या बदल्यात उरलेल्या एकाला तारा मिळतो, तो तगडा होतो. सगळे खेळणारे करतात. मी पण चौदा लॅम्बॉल धरून आणल्या होत्या त्यासाठी. रांगेनं पेटीत ठेवलेल्या (चाऱ्याची नव्हे, पाल ठेवायची पेटी वेगळी असते).

"ह्या कुटं जात्यात?"

म्हटलं कुठं नाही, नाहीशा होतात.

"म्हंजे?"

म्हटलं अण्णा, आकडे आहेत ते. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "इकलेलं जनावर कुटंतरी असतं तरी."

हे वाक्य कुठून आलं ते सांगतो. २०१९ च्या दुष्काळात अण्णांची जनावरं चार महिने चारा छावणीत होती. दोन बैल आणि चांदी नावाची खिल्लार गाय. अण्णा तिथंच राहायचे, शेडनेटखाली, जनावरांच्या पुढ्यात बाज टाकून. मी दर रविवारी डबा घेऊन जायचो. कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. पाण्याचा टँकर यायचा त्या दिशेला सगळ्या गाई आधीच तोंड करून उभ्या राहायच्या, धूळ दिसायच्या आत. अण्णा म्हणायचे, त्यांना डिझेलचा वास येतो. मी तेव्हा पंचविशीत होतो, मोबाईलवर बोट फिरवत बसायचो आणि कधी एकदा सोलापूरला परततो असं व्हायचं. जूनमध्येही पाऊस लांबला तेव्हा त्यांनी चांदीला विकली. आटपाडीकडच्या माणसानं नेली. भाव बरा आला होता, असं ते अजून सांगतात, कोणी न विचारता. पुढच्या वर्षी बैलही गेले आणि ते आमच्याकडं आले.

नंतर दोनदा ते आटपाडीच्या बाजारात गेले होते. काही घ्यायचं नव्हतं. आईला सांगितलं, घोंगडं बघायला जातो.

तर यंत्रात मेंढ्या घातल्या नाहीत. चौदाच्या चौदा सोडून दिल्या. तशी सोय आहे गेममध्ये, पेटीतून थेट मोकळं करता येतं. लॅम्बॉलला तारा मिळाला नाही तरी माझं काही अडलेलं नाही. ताई, वेठबिगारीचं उत्तर माझ्याकडं नाही. वेग वाढवायचं बटण मी दाबत नाही, एवढंच सांगू शकतो.

दोन_पोरांची_आई

वाचलं. मुलीला पण वाचून दाखवलं, सुऱ्याचा भाग गाळून. ती विचारतेय की चांदी आता कुठं आहे.

खूर_आणि_शिंग

छावणीत मी चार महिने ड्यूटी केलीय, दुसऱ्या तालुक्यात. टँकरचं अगदी खरं. आणि भाव बरा आला होता हे वाक्य मी निदान पन्नास जणांकडून ऐकलं असेल.

२०२२ ला लम्पी (गाईगुरांचा त्वचारोग) आला तेव्हा लस टोचत गावोगाव फिरत होतो. शेळ्यांच्या देवीची लस, तीच गाईंना द्यायची होती. एका म्हाताऱ्यानं दाराशी अडवलं. गोठ्यात एकही जनावर नव्हतं, विकलेली होती. म्हणाला, आत येऊन चहा घ्या, गोठ्यात बसू.

जुना_डायनो

मी धाग्यात आर्कची जाहिरात करायला आलो होतो, आता भलतंच झालंय. अण्णांना माझा नमस्कार सांगा. भुकेची सेटिंग कमी करायच्या सल्ल्यावर ते काय म्हणाले हे पण सांगा.

कडकभाकरी (धागाकर्ता)

विचारलं होतं. म्हणाले, "मग चारा कुणाला घालायचा?" शेंगाकूट, राग मानू नको.

शेंगाकूट

राग नाही. पण अभ्यास पण आहे हो मला. पन्नास टक्क्यांवरून पंचाहत्तरवर आणते, तडजोड.

कडकभाकरी (धागाकर्ता)

सद्यस्थिती. पंधरा पाल, एकाचाही सॅन सत्तरच्या खाली नाही. चक्की अखंड. कुरणात आता मोझारिना आहे, दूध देणारी गाय. तिचं नाव अण्णांनी काय ठेवलं असेल ते ओळखा. तिच्याबरोबर एक नर धरून आणला तर तोही दूध देतो! गेमच्या माहितीतच लिहिलंय, नर-मादी दोघं देतात, का ते कोणाला माहीत नाही. अण्णा इतके हसले की ठसका लागला. "बैलाचं दूध! ही बिरबलाची गोष्ट झाली की रं." आई स्वयंपाकघरातून बघायला आली, तिलाही दाखवलं. ती म्हणाली, पालीपेक्षा हे बरं.

आता दोघांची जोडी लावायची आहे. त्याला केक लागतो. पीठ पाच, लाल बेरी आठ, दूध सात, अंडी आठ, मध दोन. पीठ, बेरी, दूध, अंडी सगळं आहे. मध नाही. मध देणारं बीगार्ड धरायला मी एकटा दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा ते अंगावर येऊन फुटलं. अण्णा म्हणतात आग्या मोहळाला एकट्यानं जात नसतात. पुढं अंडं आलं तर ते उबवायची जागा थंड आहे, शेजारी शेकोटी पेटवावी लागेल. सोलापुरात बसून मी शेकोटीची सोय करतोय, आणि बाहेर काय तापलंय ते तुम्हाला माहीत आहे.

तर रविवारी रात्री कोणी येणार का? माझ्या जगात चौघं मावतात, म्हणजे तीन जागा आहेत. कोड व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

पूर्वभागी

मी आहे. पण लक्षात घ्या, तुमच्या जगात मी पहिल्या पातळीवर उघडाबंब येणार. हातात साधी कुऱ्हाड पण नसेल. जाळ्यात अडकायला आमिष म्हणून उपयोग होईल.

शेंगाकूट

मी पण! सोमवारी पेपर नाहीये.

जुना_डायनो

तिसरी जागा माझी धरा. पालवर्ल्ड काल घेतला. आर्कवाल्यांना सांगू नका. किती वाजता?

कडकभाकरी (धागाकर्ता)

साडेआठ. नेहमीचं साडेनऊ नको, कारण अण्णा दहाला झोपतात आणि त्यांना मध काढताना बघायचं आहे.

ते विचारतायत, पोरं येणारेत तर जेवून येणार का हितंच जेवणार. मी सांगितलं अण्णा, ते आपापल्या घरूनच येतील. ते म्हणाले मग बेटावर तरी काहीतरी करून ठेव. पेटीत तुमच्या तिघांसाठी भाजलेल्या बेरी काढून ठेवल्यात.